कंबरेचा छोटा लोड, घरच्या घरी

पाठीसाठी काही शिवायचं म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात पहिले तो पट्टाच येतो. दोन्ही खांद्यांतून घालायचा, पाठीवर त्याची फुली होते अन् खांदे मागे ओढून धरतो, तो. माझ्या नणंदेनं पण तोच सुचवला, व्हॉट्सॲपवर लिंक पण टाकली, खाली "घेऊन टाक नं वहिनी, किती विचार करते". आता घ्यायचा कशाला, दोन पट्ट्या अन् इलॅस्टिकच तर आहे, घरी मशीन आहे, म्हणून शिवायच्या आधी जुन्या सुती ओढणीनंच बांधून पाहिला. तुम्हाला पण पाहायचा असेल तर सोपं आहे, ओढणीचा मधला भाग मानेच्या खाली पाठीवर ठेवायचा, दोन्ही टोकं खांद्यांवरून पुढे आणायची, काखेखालून परत मागे न्यायची, पाठीवर फुली करायची अन् पुढे पोटावर गाठ. पूर्वी कॉलरबोन मोडली की डॉक्टर असंच आठाच्या आकड्याचं बँडेज बांधायचे, आयडिया तिथलीच.

दहा मिनिटं मस्त वाटतं, खोटं नाही बोलत. छाती मोकळी होते, श्वास खोल जातो. मग काखेत काचायला लागतं. अन् नागपूरचा मे महिना, पारा 45 च्या वर, समोर कूलर असून पाठ ओलीच्या ओली, त्यात अंगावर अजून एक आवळलेली पट्टी? नाही बाप्पा. ज्यांना खांदे मागे घ्यायची आठवण म्हणून थोडा वेळ बांधायचा असेल त्यांनी बांधावा, ओढणीला पैसे लागत नाहीत. पण दिवसभर घालून बसलं तर जे काम पाठीच्या स्नायूंनी करायचं ते पट्टाच करून राहिला, मग स्नायूंना काम काय उरलं? अन् माझी सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे तो घातला की माणूस खुर्चीच्या पुढच्या काठावर येऊन बसतो, एनसीसीच्या परेडला उभं केल्यावर राहतो तसा ताठ, अन् मागे टेकतच नाही.

आता टेकण्याबद्दल थोडं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

माझं काम म्हणजे लोकांचे जीएसटी रिटर्न भरणं, घरूनच, डायनिंग टेबलवर. महिन्याची 11 अन् 20 तारीख जवळ आली की सकाळी बसलेली मी दुपारी जेवायलाच उठते, ते पण त्याच टेबलवर जेवायला. संध्याकाळी दुखते ती कंबर. खांदे नाही. खांदे गोल झालेले दिसतात म्हणून सगळे खांद्यांच्या मागे लागतात, पण गडबड खालून सुरू होते. उभं राहिलं की कंबरेच्या 5 मणक्यांना एक आतली कमान असते, स्वतःच्या कंबरेमागे हात लावून पाहा, खोलगट लागेल. आता बसा. मांड्या काटकोनात आल्या की मांडीच्या मागचे अन् कुल्ल्याचे स्नायू ताणले जातात, ते ओटीपोटाची हाडं मागे ओढतात, अन् ती कमान सपाट होते, जरा वेळानं तर उलटीच होते. खाली कमान गेली की वरची पाठ गोल, पाठ गोल झाली की मान पुढे, अन् मानेवर ते 4-5 किलोचं डोकं लटकून राहिलं लॅपटॉपकडे पाहत. 1953 साली अमेरिकेतल्या जे. जे. कीगन नावाच्या डॉक्टरांनी लोकांना वेगवेगळ्या पोझमध्ये ठेवून कंबरेचे एक्स-रे काढले होते अन् मांडी वाकली की ही कमान कशी जाते ते दाखवलं होतं. म्हणजे ही गोष्ट माझ्या जन्माच्या आधीपासून माहीत आहे अन् आपण अजून पोरांच्या पाठीत धपाटा घालून "ताठ बस" म्हणून राहिलो.

अन् ताठ बसणं म्हणजेच बरोबर बसणं, हेही तेवढं खरं नाही. 1999 मध्ये जर्मनीतल्या उल्म इथे विल्के अन् त्यांच्या टीमनं एका माणसाच्या कंबरेच्या खालच्या मणक्यांमधल्या गादीत (गादी सरकली म्हणतात नं आपल्याकडे, तीच गादी) बारीक सेन्सर बसवून वेगवेगळ्या पोझमध्ये आतला दाब मोजला. उभं असताना 0.50 मेगापास्कल. मागे टेकायला काही नसताना नुसता बसला तर 0.46. पूर्ण पुढे वाकून बसला तर 0.83. अन् खुर्चीत मागे रेलून बसला तर फक्त 0.27. एकाच माणसाचं मोजमाप आहे, मान्य, त्याच्यावरून सगळ्या जगाचा हिशेब नाही करता येत. पण त्याच्याही आधी स्वीडनमध्ये जी मोजमापं झाली होती त्यांतही खुर्चीची पाठ मागे कललेली असली अन् कंबरेला आधार असला की दाब कमी होतो असंच दिसलं होतं. वरच्या शरीराचं थोडं ओझं खुर्ची घेते, साधी गोष्ट आहे.

म्हणजे टेकायचं. पण टेकल्यावर कंबरेच्या मागे काही लागलं तर पाहिजे नं. आमच्या डायनिंगच्या खुर्च्यांची पाठ सागवानाची, सरळ, सासऱ्यांनी हौसेनं बनवून घेतलेली, दिसायला एकदम भारी. टेकलं की वर खांद्याला लाकूड लागतं, खाली बुडाला लागतं, अन् मधे कंबरेमागे आरपार फट. मग कंबर त्या फटीत घसरत जाते. ती फट भरायची, बस एवढंच शिवायचं आहे. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी कंबरेमागची अशी गुंडाळी जगभर लोकांना वापरायला लावली, दुकानात फोमची मिळते ती तीच. आपल्याकडे त्याला लोड म्हणा, बैठकीवरच्या लोडाचं बारकं पिल्लू.

शिवायच्या आधी टॉवेल. हे विसरू नका, सगळं मोजमाप यातूनच निघतं. अंघोळीचा जुना टॉवेल घ्या, लांबीत दुमडा म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर रुंद पट्टी होईल, अन् घट्ट गुंडाळा, सैल नाही. दोन रबर लावा. आता ज्या खुर्चीवर काम करता त्याच खुर्चीवर (सोफ्यावर नाही!) बूड पूर्ण मागे सरकवून बसा, बेंबीच्या लेव्हलला पाठीमागे ही गुंडाळी आडवी ठेवा अन् टेका. बरगड्यांच्या मागे आली तर फार वर आहे, माकडहाडाजवळ आली तर फार खाली. खांदे खुर्चीला टेकत नसतील, पोट पुढे ढकललं जात असेल, तर जाड झाली, एक वेढा काढा. टेकल्यावर काहीच जाणवत नसेल तर एक वेढा वाढवा. दहा-पंधरा मिनिटं काम करून पाहा, मधे तिची आठवणच आली नाही पाहिजे, तेव्हा ती बरोबर. मग मेझर टेपनं गुंडाळीचा घेर मोजून लिहून ठेवा.

दुकानातले फोमचे 10-12 सेंटिमीटर जाडीचे असतात, ते पाहून तेवढाच जाड शिवायला जाऊ नका. फोम दबतो, टेकल्यावर तो अर्धाच उरतो. गुंडाळलेलं कापड फारसं दबत नाही, त्यामुळे आपला बारीकच लागतो. माझा घेर 26 सेंटिमीटर आला, म्हणजे जाडी 8 च्या आसपास. आमच्या ह्यांना त्याच खुर्चीवर अजून एक वेढा लागला, उंच आहेत अन् पाठ लांब.

आता आत भरायचं काय. कापसाच्या मुलखात राहतो आपण, देशाची कापूस संशोधन संस्था नागपुरातच आहे, आजोबांची पूर्ण हयात एम्प्रेस मिलमध्ये गेली, 1877 ची ती टाटांची मिल, जिथे आता मॉल उभा आहे, तर माझ्या डोक्यात कापूसच येणार. जुन्या गादीतला कापूस पडलेलाच होता, तो घेऊन इतवारीकडे आमच्या ठरलेल्या गादीवाल्या चाचांकडे गेली, म्हटलं थोडा पिंजून द्या, एवढासा लोड भरायचा आहे. त्यांनी लोड कुठे ठेवणार ते विचारलं, ऐकलं, अन् सरळ नाही म्हणाले. "ताई, कमर के पीछे रुई मत भरो, एक महीने में बीच में से दब जाएगी अन् बाजू में गोले बन जाएंगे. कपडा लपेटो." धंदा सोडून सल्ला देणारा माणूस, काय बोलणार. अन् बरोबरच आहे, झोपायच्या गादीवर वजन सगळीकडे पसरतं, इथे रोज त्याच चार बोटं जागेवर दाब. सावरीचा कापूस तर अजूनच नाही चालत. उन्हाळ्यात सेमिनरी हिल्सच्या बाजूला काटेसावरीची बोंडं फुटून तो उडत असतो, इतका हलका अन् मऊ, उशीला छान, पण टेकलं की चपटा. फोम चालतो पण आपल्या उन्हाळ्यात तो गरम होतो अन् घामाचा वास धरून ठेवतो, अन् जूनमध्ये पाऊस पडून कूलर काम करेनासा झाला की विचारूच नका.

म्हणून गुंडाळलेलं कापडच. अन् त्याचा मोठा फायदा म्हणजे जाडी बदलता येते, भरलेल्या लोडाला जे जमत नाही ते. माझ्याकडे विटलेली, एका बाजूनं फाटलेली सोलापुरी चादर होती, तिची अर्धी घेतली. सोलापुरी याच्यासाठी एक नंबर, जाड, वजनदार, गुंडाळली की कडक बसते, सरकत नाही. ती नसेल तर टॉवेलच वापरा. ब्लँकेट फार फुगतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

शिवण. गोल झाकणं वगैरे लावायची काही गरज नाही, नळी शिवायची अन् दोन्ही टोकांना परकरासारखा नेफा घालून नाडी ओवायची, झालं. कापड पण मी जुन्या पॉपलिनच्या परकराचंच घेतलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, घाम शोषतं. माझ्या 26 च्या घेराला मी रुंदी 30 घेतली, म्हणजे 1 सेंटिमीटर ढिलाई अन् दोन्हीकडे दीड-दीड दाब (शिवणीत आत जाणारं कापड). लांबी 44. लोड 30 चा, टोकं झाकायला दोन्हीकडे जाडीच्या अर्धं म्हणजे 4-4, अन् नेफ्याला 3-3. तुमचा घेर वेगळा असेल तर रुंदी त्याच्याप्रमाणे करा, हिशेब हाच.

नळी करायच्या आधी, कापड सपाट आहे तेव्हाच नवार लावून घ्या, नंतर मशीनखाली ती जागा येतच नाही. पलंगाची सुती नवार, गांधीबागेत मिळते, दीड-दोन मीटर पुरे. कापडाच्या मधोमध लांबीच्या दिशेनं ठेवायची, दोन्ही टोकं बाहेर सारखी लोंबली पाहिजेत, अन् मधल्या 25 सेंटिमीटरवर चौकोनी टीप मारायची, चौकोनाच्या आत फुली. इथे मशीन कुरकुरते. साध्या 14 नंबरच्या सुईनं नवारीवर जाऊच नका, 18 ची लावा, टाका मोठा ठेवा, अन् जिथे जाड लागेल तिथे पायडल सोडून चाक हातानं फिरवा, एकेक टाका. टक्-टक् आवाज येतो, सुई आत जाताना हाताला कळते, तिथे घाई केली की सुईचं टोक उडालंच समजा, अन् ते डोळ्याकडेच उडतं.

मग 18 ची काढून रोजची सुई लावा, कापड सुलट्यावर सुलटं दुमडून लांब बाजू जोडा. जोडताना दोन्ही टोकांना 3-3 सेंटिमीटर टीप सोडून द्यायची, नाडी तिथूनच निघते. सुरुवातीला अन् शेवटी टीप मागे-पुढे करून पक्की करा, नाडी ओढली की पहिले तिथेच उसवतं. सोडलेल्या जागेच्या कडा आत मुडपून साधी टीप, मग अर्धा सेंटिमीटर आत घालून अडीचचा नेफा. आतल्या दाबाचे धागे निघत असतील तर पिकोफॉलवाल्या ताईकडून इंटरलॉक करून आणा, पाच मिनिटांचं काम. उलटवा, सेफ्टी पिननं नाड्या ओवा, चादरीची गुंडाळी आत सरकवा, दोन्हीकडून नाड्या ओढा अन् गाठ आत खोचा. चुण्या कशाही पडल्या तरी कोणी पाहत नाही.

मी हे सगळं करून राहिली होती तेव्हा सासूबाई येऊन उभ्या. "अवो माय, एवढुसा लोड कोनासाठी वो? भातुकलीचा आहे का?" आता दुपारी पोथी वाचायला बसल्या की त्याच मागतात, ते वेगळं.

बांधताना, खुर्चीच्या पाठीला फटी असल्या तर नवार त्यातून नेऊन मागे गाठ मारा, प्लास्टिकच्या खुर्चीला पण जाळी असतेच. सलग गुळगुळीत पाठ असेल तर नुसता वेढा खाली घसरतो, तिथे वरून एक उभी पट्टी घेऊन खुर्चीच्या पाठीवरून मागे आडव्या नवारीला बांधायची, मग हलत नाही. अन् पाय. पाय लोंबकळत राहिले तर माणूस पुढे सरकतो अन् लोडाचा काही उपयोग नाही. मी पाय ठेवायला जेवणाचा पाट घेतला तर घरात महाभारत, अन्नाच्या जागेवर पाय देते म्हणून. बरोबर होतं सासूबाईंचं. आता रद्दीचा गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला आहे, उंची पण हवी तशी होते. त्या गठ्ठ्यात पुस्तक नाही नं, हे तपासून झालं आहे त्यांचं.

कारमध्ये लावायचा असेल तर आधी सीट पाहा. बऱ्याच नव्या गाड्यांच्या सीटला कंबरेपाशी फुगवटा असतोच, त्याच्यावर अजून लोड घातला की पोट स्टिअरिंगकडे. भाऊ माझा समृद्धीवरून शिर्डीला गेला तेव्हा हौसेनं घेऊन गेला अन् वर्ध्याच्या आसपासच काढून मागे फेकला म्हणे. त्याला मी पातळ करून दिला, दोनच वेढ्यांचा, तो आता राहतो. पण लोड असो की नसो, त्या सरळसोट रस्त्यावर तासाभरानं गाडी थांबवून उतरावंच लागतं, घरी पण तेच आहे, मी कुकरच्या शिट्ट्यांवर उठते. एकाच जागी जमून बसलं तर चांगल्यातला चांगला आधार पण दुखायला लागतो.

अन् एक, हे दुखणं बरं करायचं औषध नाही. पायात मुंग्या येत असतील, कळ मांडीतून खाली पोटरीत जात असेल, पायातली ताकद कमी वाटत असेल तर शिवत नका बसू, डॉक्टरकडे जा. लघवीवर ताबा राहत नसेल तर त्याच दिवशी. म्हाताऱ्या माणसांपैकी काहींना कंबर मागे वाकवली की जास्त दुखतं अन् पुढे वाकलं की बरं वाटतं, त्यांना लोडानं त्रासच होईल, विचारूनच द्या.

कव्हर दोन शिवून ठेवा, उन्हाळ्यात दोन दिवसांत ओलं-खारट होतं. चादरीची गुंडाळी पण महिन्यातून एकदा सोडून गच्चीवर उन्हात टाका, तासाभरात कडकडीत. पावसाळ्यात तिला वास लागतो, तेव्हा इस्त्री फिरवून मग गुंडाळायची.

आता बिल्डिंगमधल्या बायकांना पाहिजे. "मला पण एक शिव नं, मीडियम साइझमध्ये." मीडियम वगैरे काही नाही याच्यात. टॉवेल गुंडाळा, तुमच्याच खुर्चीवर बसून पाहा, घेर मोजून पाठवा अन् खुर्चीच्या पाठीचा मागून फोटो, फटी आहेत की सलग आहे ते दिसलं पाहिजे. शिलाई घेत नाही, नवार तेवढी तुमची. अन् चादर पण घरूनच आणा, माझ्या सोलापुरीचा उरलेला अर्धा भाग भाऊ घेऊन गेला.